हवामान कोरडे राहील

आमच्या सोलापुरात फाल्गुन सरता सरता घरावरचे पत्रे तापायला लागतात. यंत्रमागांच्या वस्तीत हा तापलेला पत्रा आणि मागांचा खडखडाट यांची सवय लहानपणापासूनच होते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट सांगतो. सकाळी पुणे केंद्राच्या बातम्या लागल्या, की अब्बा रेडिओला कान लावून बसत. बातम्या संपताना हवामानाचा अंदाज यायचा. आधी कोकण आणि गोवा, मग मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि शेवटी विदर्भ. सोलापूर मध्य महाराष्ट्रात मोडते. पण आमचे घर श्वास रोखून ऐकायचे ते कोकणाचे. कारण आमचे मामू तेव्हा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मजुरीला होते. मागाचे काम मंदावले तेव्हा ते समुद्राकडे गेले. कधी होडीवर खलाशी, तर कधी मासळी वाळवायला.

चैत्राच्या दिवसांत बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकू यायचे, “हवामान कोरडे राहील.” एवढे ऐकले, की नानी “शुक्र है” म्हणून उठायची.

मोठेपणी कवितेच्या नादाने शब्दांच्या मागे लागलो, तेव्हा या वाक्याकडे पुन्हा लक्ष गेले. ‘हवामान’ या शब्दातली हवा अरबी आणि मान संस्कृत. ‘अंदाज’ फारसी आणि ‘इशारा’ अरबी. ‘बंदर’ फारसीतून आले. ‘मोसमी वारे’ म्हणताना आपण अरबांचा ‘मौसिम’ उच्चारतो, म्हणजे ठरलेला काळ, हंगाम. वाऱ्याच्या भरवशावर गलबते हाकणाऱ्यांनी हे शब्द किनाऱ्यावर उतरवले आणि मराठीने ते आपल्या घरात ठेवून घेतले. कोळी आपल्या तांडेलाला विचारतो आणि शेतकरी पंचांगाला. विचारायचे मात्र दोघांना एकच असते, उद्या काय?

या प्रश्नाला शास्त्राच्या वाटेने उत्तर शोधण्याची सुरुवात आपल्याच किनाऱ्यावर झाली. ईस्ट इंडिया कंपनीने 1826 साली मुंबईत कुलाब्याला वेधशाळा उभारली. 1841 पासून तिथे हवेच्या नियमित नोंदी होऊ लागल्या. पण नोंद म्हणजे अंदाज नव्हे. कालचा पाऊस वहीत लिहिता येतो. उद्याचा सांगायचा, तर दूरच्या ठिकाणी आज काय चालले आहे ते कळायला हवे, आणि तेही वादळ येऊन पोहोचण्याच्या आत. ते शक्य झाले तारायंत्रामुळे. वादळापेक्षा वेगाने धावणारी ती पहिली गोष्ट.

1864 साली कलकत्त्याला मोठे चक्रीवादळ झाले. 1866 आणि 1871 मध्ये पावसाने दगा दिला. या तडाख्यांनंतर 1875 साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले आणि हेन्री ब्लॅनफोर्ड त्याचे प्रमुख झाले. पुढच्याच वर्षी दख्खनचा मोठा दुष्काळ सुरू झाला. सोलापूर जिल्हा त्यात होरपळला. ब्लॅनफोर्ड हिमालयातल्या बर्फावरून पावसाचा ठाव घेऊ लागले आणि 1886 पासून मोसमी पावसाचे अंदाज रीतसर निघू लागले. नंतर आलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे जुळवून पाहिले. खात्याचे मुख्यालय 1928 साली सिमल्याहून पुण्यात आले. म्हणून शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. खात्याला 2025 साली दीडशे वर्षे पूर्ण झाली.

पण कार्यालयात बसलेल्या माणसाला कळले, म्हणजे होडीतल्या माणसाला कळले असे होत नाही. म्हणून बंदरावर बावटे आले. दिवसा उंच खांबावर खुणा चढवायच्या आणि रात्री दिवे लावायचे. एक नंबरचा, दोन नंबरचा, तीन नंबरचा. अक्षरओळख नसलेल्या खलाशालाही तो बावटा वाचता येई. पुढे रेडिओ आला आणि हवामान होडीपर्यंत जाऊन बसले.

बावटा म्हटले की आपल्याला आषाढ आठवतो. वसंतात काय धोका, असे वाटते. पण कोकणात हे दिवस फार नाजूक असतात. आंब्याच्या मोहराची कैरी झालेली असते. मिठागरांत मीठ धरत असते आणि वलांड्यांवर बोंबील सुकत असतात. एक अवकाळी सर आली, तरी मीठ विरघळते, बोंबील कुजतात आणि आंबा डागाळतो. आपल्याकडे शाळू खळ्यावर असतो किंवा बेदाणा शेडमध्ये असतो, तेव्हा आपल्यालाही कोरडेच हवे असते. आषाढात जे वाक्य शापासारखे वाटते, तेच चैत्रात दुवा होते.

उन्हाचेही तसेच. कोकणात दुपारी समुद्रावरून खारे वारे येतात आणि जिवाला गारवा मिळतो. पण पूर्वेचे वारे जोरात असले, की हे खारे वारे उशिरा पोहोचतात. पूर्वेचे वारे म्हणजे आपल्याच पठारावरचे. सह्याद्री उतरताना ते आणखी तापतात. 28 मार्च 1956 रोजी मुंबईत सांताक्रूझला पारा 41.7 अंशांवर गेला होता. मैदानी भागात पारा 40 अंशांच्या पुढे आणि सरासरीहून किमान साडेचार अंश वर गेल्याशिवाय उष्णतेची लाट धरत नाहीत. किनाऱ्यावर हीच मर्यादा 37 अंशांची आहे. सदतीस अंशांना आम्ही सोलापूरकर चैत्रात “आज जरा बरे आहे” म्हणतो. अंगाला सवय नसली, की तेवढेच ऊन जीव घेते.

आता मामूंची गोष्ट. एका चैत्रात रेडिओने नेहमीचे वाक्य म्हटले नाही. “कोकणात तुरळक ठिकाणी हलक्या सरींची शक्यता,” असे सांगितले. तुरळक म्हणजे शंभरातल्या फार तर पंचवीस ठिकाणी. अब्बांनी तिथल्या तिथे पोस्टकार्ड लिहायला घेतले. ते सोलापुरातून निघून रत्नागिरीला पोहोचेपर्यंत सर पडून गेली होती. मामू ईदला आले ते रिकाम्या हातांनी. नानी रेडिओवर चिडली, “झूठा है ये डब्बा!” मामू म्हणाले, “नाही अम्मी, डबा खरं बोलला. आम्हीपण ऐकलं होतं. मासळी झाकू या, असं मी शेटला म्हटलं. तो म्हणाला, एवढ्या ताडपत्र्या कुठून आणू? थेंब पडला तर बघू.” पडलेल्या थेंबांचे पैसे मात्र मजुरांच्या हिशेबातून कापले गेले.

मामू आता नाहीत, पण त्यांचे बोलणे पुन्हा पुन्हा आठवते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ धडकले. अंदाज आधी मिळाला होता आणि हजारो माणसे हलवली गेली. श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, पण माणसे मोठ्या संख्येने वाचली. वर्षभराने, मे 2021 मध्ये, तौक्ते आले. त्याचाही इशारा काही दिवस आधी दिला होता. तरीही मुंबईपासून दूर, तेलक्षेत्राजवळ 261 माणसे असलेला पी-305 हा तराफा समुद्रातच राहिला आणि बुडाला. सुमारे सत्तर माणसे गेली. इशारा सर्वांसाठी होता. पण परत फिरायचे की नाही, हे ठरवणे तिथल्या खलाशाच्या हातात नव्हते.

दोनशे वर्षांत आपण हवामान सांगायला शिकलो. तार, बावटा, रेडिओ, उपग्रह, आणि आता हातातल्या फोनवर पिवळा, नारिंगी, लाल इशारा. दर गुरुवारी पुढच्या आठवड्यांचे अनुमान येते. सांगणाऱ्याचे काम बरेच झाले आहे. आता काम उरले आहे ऐकणाऱ्याचे. ज्याच्या हाती ताडपत्री आहे त्याने ती वेळेवर काढावी. ज्याच्या हाती दोर आहे त्याने होडी वेळेवर बांधू द्यावी. मजुरीवर असलेल्या माणसाला एक दिवस थांबणे परवडले, तरच त्याच्यासाठी अंदाजाला अर्थ आहे.

कोकणात आता आमचे कोणी नाही. तरी सकाळी फोन उघडला, की माझी नजर आधी कोकणावरच जाते. “हवामान कोरडे राहील,” असे वाचले, की मी नानीसारखा “शुक्र है” म्हणतो आणि मग सोलापूरचे ऊन बघतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)