अंधेरीच्या इंजिनाला धूर किती हवा?

आजचा भाग एका घरगुती भांडणातून निघालाय. मुलुंडच्या माझ्या एका मित्राने बाहेरच्या खोलीत, एका लांब फळीवर, जुनं अंधेरी स्टेशन उभारलंय. साल त्याने ठरवलंय १९२०. इंजिन एचओ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या साधारण सत्त्याऐंशीव्या भागाएवढं, आणि त्याच्या धुरांड्यातून खरोखरचा धूर निघतो. मित्र म्हणतो, धूर भरपूर हवा, नाहीतर वाफेचं इंजिन कसलं? त्याची आई म्हणते, दमा मला आहे, तुझ्या इंजिनाला नाही. मी चहाला गेलो आणि पंच झालो.

आधी यंत्र समजून घेऊ. धुरांड्यात एक बारीक नळी असते, तिच्यात तापणारी तार. वरून शुद्ध केलेल्या खास तेलाचे काही थेंब टाकायचे. तार तापली की तेलाची वाफ होते आणि बाहेर येऊन थंडावली की पांढरा धूर दिसतो. नळी काठोकाठ भरली तर धूरच येत नाही. कोरडी चालवली तर तार जळते. जास्तीचं तेल रुळांवर बसतं आणि चाकं घसरतात. अमेरिकेतल्या लायोनेल कंपनीने १९४६ साली इंजिनात धूर आणला तेव्हा दिव्याच्या उष्णतेवर अमोनियम नायट्रेटची गोळी तापवत. ती पद्धत टिकली नाही, लगेच तापणारी तार आली.

आता गंमत बघा. जुन्या पद्धतीत इंजिनाला आणि तारेला वीज एकाच रुळातून मिळते. म्हणजे गाडी हळू असताना धूर कमी, जोरात असताना जास्त. खऱ्या इंजिनात हे बरोबर उलटं! जड गाडी जागची हलवताना सिलिंडरमधली वापरलेली वाफ फक-फक करत धुरांड्यातून सुटते, तीच भट्टीतली हवा ओढते, म्हणून सगळ्यात जास्त धूर निघताना. गाडीने वेग घेतला की ड्रायव्हर वाफ आखडती घेतो. आणि स्टेशनात उभी असताना हा झोत बंदच. डिजिटल डिकोडर आल्यावर तारेची वीज वेगळी काढता आली. उभं असताना किती, निघताना किती, धावताना किती, हे आकडे आता वेगवेगळे भरता येतात. मित्राने तिन्ही ठिकाणी सर्वात मोठा आकडा भरला होता.

मग १९२० सालचा फायरमन काय करत होता? आपल्या डोक्यातलं चित्र लहानपणीच्या वहीतलं आहे: काळं इंजिन, काळे ढग. पण काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा, म्हणजे वाया गेलेला पैसा. चांगला फायरमन थोडा थोडा कोळसा वरचेवर टाकायचा, भट्टीचं दार किंचित उघडं ठेवून वरून हवा द्यायचा. उभ्या गाडीत ब्लोअर हलकासा उघडून धूर वर ओढून घ्यायचा. इंग्लंडमध्ये तर १८४५ च्या कायद्यानेच इंजिनांनी आपला धूर आपणच जाळावा असं बजावलं होतं, म्हणून तिथे सुरुवातीला दगडी कोळशाऐवजी कोक जाळत. पुढे भट्टीत विटांची कमान आली आणि साधा कोळसा चालू लागला. आपल्याकडे गिरण्यांच्या चिमण्या वाढल्या तशी मुंबई सरकारनेही १९१२ साली धुराच्या उपद्रवावर कायदा केला. धुराची तक्रार तेव्हाही होती हो, आईंची पहिली नाही.

आणि उपनगरांनी धूर पुष्कळ खाल्लाय. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली गाडी भांडुप-मुलुंडच्या शिवारातून गेली, १४ डबे आणि ३ इंजिनं. पश्चिमेकडे १२ एप्रिल १८६७ ला विरार ते बॅकबे अशी दिवसाला एक गाडी सुरू झाली, तेव्हा अंधेरीची नोंद ‘अंदारू’ आणि गोरेगावची ‘पहाडी’. वस्ती वाढली, गाड्या वाढल्या, वाफेच्या इंजिनांना ती गर्दी पेलेना. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला विजेची लोकल धावली. ५ जानेवारी १९२८ ला कुलाबा ते बोरिवली. धूर संपला असं मात्र नाही. जीआयपीने ठाकुर्लीला कोळशावर चालणारं वीजघर बांधलं, म्हणजे घाटकोपरचा धूर थोडा ठाकुर्लीला गेला, एवढंच. (ठाकुर्लीकरांना कोणी विचारलं नसावं.)

तर पंचाचा निकाल असा झाला: उभ्या इंजिनाला धाग्याएवढा धूर, सुटताना पहिले आठ-दहा फटके जोरात, मग पुन्हा अगदी कमी. थेंबही निम्मे. तेलाचा धूर पांढराच येतो, त्यामुळे हा फायरमन आपोआप हुशार ठरला. मित्र थोडा खट्टू झाला, पण गाडी हलताना जो फरक दिसला तो बघून त्याने चार वेळा तीच गाडी सोडली. आई खिडकी उघडून बसल्या होत्या. जाता जाता त्यांनी विचारलं, “अहो, हे साल १९२८ करता येणार नाही का?”

मित्र आतून ओरडला, “आई, गुजरातकडच्या गाड्या तेव्हाही वाफेवरच होत्या!”