विम्याचं कार्ड आणि जामखेडच्या बायका



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा मंडळाच्या तरुणांनी आग्रह धरला. मी काही डॉक्टर नाही की प्राध्यापक नाही. गिरणीत साच्यावर उभा राहिलो आणि पाळी सुटल्यावर वाचनालयात बसलो, एवढंच माझं शिक्षण. जे वाचलं आणि जे डोळ्यांनी पाहिलं, ते लिहितो. चूकभूल द्यावी घ्यावी.

आपल्या वस्तीतल्या बहुतेक घरांत एकेकाळी ईएसआयचं कार्ड होतं. अंग तापलं की आई म्हणायची, "जा, विम्याच्या डॉक्टरकडून औषध घेऊन ये." हे कार्ड कुणा मालकाने दया म्हणून दिलेलं नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, 1943 साली, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायचं काम प्रा. अडारकर यांच्याकडे सोपवलं गेलं. 1944 साली त्यांचा अहवाल आला. 1948 साली कायदा झाला आणि 1952 साली कानपूर व दिल्ली इथे योजना सुरू झाली. पुढे ती मुंबईत आली. कामगाराने थोडं भरायचं, मालकाने जास्त भरायचं. आजारपणात औषध मिळायचं आणि पगाराचा काही भागही मिळायचा. आमच्या वडिलांच्या पिढीला हा फार मोठा आधार होता.

पण हा कायदा कारखान्याच्या गेटापाशी थांबला. शेतमजूर, ऊसतोड कामगार, मोलमजुरी करणाऱ्या बाया बाहेरच राहिल्या. वास्तविक 1946 साली भोर समितीने सरकारला सांगितलं होतं, की पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहता कामा नये. प्राथमिक आरोग्य केंद्रांची योजनाही याच समितीने मांडली. केंद्रं उभी राहिली, पण गावकुसाबाहेरच्या वस्तीपर्यंत त्यांचा हात क्वचितच पोचला.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. 1987 साली माझी थोरली बहीण तिथं बाळंतपणात गेली. रात्री रक्त जायला लागलं, ते थांबेना. बैलगाडी जुंपून तालुक्याला निघाले, पण ताई वाटेतच संपली. वडील मुंबईत गिरणीत होते, त्यांच्या खिशात विम्याचं कार्ड होतं. त्या कार्डावर लग्न झालेल्या लेकीचं नाव नव्हतं. आणि असतं तरी त्या रात्री गावात ते कुणाला दाखवणार?

दिवस-कार्याला आलेली माझी मावशी म्हणाली, "आमच्याकडे असती तर पोर वाचली असती." मावशीचं गाव जामखेड तालुक्यात. तेव्हा मला तिचा राग आला होता. पुढे तिच्या गावी गेलो, तेव्हा तिचं म्हणणं समजलं.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य 1970 साली जामखेडला आलं. दोघंही वेल्लोरला शिकलेले. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातला हा दुष्काळी भाग. आधी त्यांनी शिकलेल्या नर्सेस गावोगाव पाठवून पाहिल्या, पण ते जमलं नाही. मग गावांनाच सांगितलं, की तुमच्यातली एक बाई निवडून द्या. निवडल्या गेल्या त्यातल्या कितीतरी निरक्षर होत्या आणि कितीतरी दलित होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकायच्या. बाळंतपण कसं करायचं, कोणती बाई अडणार हे आधीच कसं ओळखायचं, जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, क्षय आणि कुष्ठरोग कसा ओळखायचा, हे सगळं. अडलेला रुग्ण जामखेडच्या दवाखान्यात धाडायचा.

परिणाम काय झाला? 1971 साली त्या गावांत जन्मलेल्या हजार बाळांपैकी 176 बाळं वर्षाच्या आत जात होती. 1976 सालापर्यंत हा आकडा 52 वर आला. 1978 साली अल्मा-आटा इथे जगातल्या देशांनी "सर्वांसाठी आरोग्य" असा ठराव केला. त्याआधीच जागतिक आरोग्य संघटनेने जामखेडचं काम आपल्या पुस्तकात मांडलं होतं. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पण मला या इतिहासात आकड्यांपेक्षा मोठी वाटते ती वेगळीच गोष्ट. आपल्या वस्तीतली सुईण सवर्णांच्या घरी पूर्वीही जात होतीच. नाळ कापायला तिचा हात चालायचा, पण पाणी द्यायला चालायचा नाही. जामखेडमध्ये तोच हात औषध देऊ लागला, नाडी पाहू लागला, आणि पाटलाची सून दारात येऊन विचारू लागली, "बाई, बाळाला काय देऊ?" विटाळ भाषणांनी गेला नव्हता. लेकरू वाचतंय म्हटल्यावर तो हळूहळू मागे सरला.

यातल्याच एक आरोग्य सेविका मुक्ताबाई पोळ 1988 साली वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या. छताच्या झुंबराकडे बोट दाखवून त्यांनी सांगितलं, की हे सुंदर आहे पण महाग आहे. आमच्यासारख्या पणत्या एकमेकींना पेटवत जातात.

हा इतिहास आज का सांगायचा? 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात गावोगाव आशाताई आल्या, तो याच विचाराचा विस्तार. 2012 साली राज्यात जीवनदायी योजना सुरू झाली, 2017 पासून तिला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव आहे. 2018 साली आयुष्मान भारत आलं. चांगलं झालं, ऑपरेशनचा खर्च कित्येकांचा वाचला. पण ही कार्डं मुख्यतः दवाखान्यात दाखल झाल्यावर चालतात. रोजची रक्तदाबाची गोळी, गरोदर सुनेची तपासणी, पहिल्या दिवशीचा ताप यांचं काय? आणि गिरण्या बंद पडल्या तशी आपल्यातल्या अनेकांची विम्याची कार्डंही गेली. आपली मुलं आज कंत्राटावर आहेत, बाया धुणीभांडी करतात. गावची विम्यावाचूनची माणसं आता शहरातही आहेत.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे. कमान आणि रोषणाईच्या खर्चातून थोडे पैसे बाजूला काढा. विहारात रक्तदाब मोजायचं यंत्र ठेवा. वस्तीतल्या दोन-तीन बहिणींना शिकवून तयार करा. त्या फार शिकलेल्या नसल्या तरी चालेल. रविवारी वंदना झाली की त्यांनी तासभर बसावं, कागदपत्रं अडलेल्यांची योजनेची कार्डं काढून द्यावीत, आणि गावी बाळंतपणाला जाणाऱ्या लेकीला तिथल्या आशाताईंचा नंबर लिहून द्यावा.

माझ्या ताईला कार्ड नव्हतं, हे खरं. पण तिला त्या रात्री हवी होती ती उशाशी बसलेली एक जाणती बाई. तशी बाई आपण तयार करू शकतो.

जय भीम! नमो बुद्धाय!