एका नाताळातला अंधार

दिव्यांच्या सणात दिवे मालवल्याची गोष्ट काढतो आहे. वाचकांनी राग मानू नये. गोष्ट अमेरिकेतली आहे. १८८२ साली न्यूयॉर्कात एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी घरच्या नाताळवृक्षावर विजेचे ८० दिवे लावले आणि पुढे ती घरोघरची हौस झाली. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी अमेरिकेचे तेल तोडले. नोव्हेंबरात अध्यक्ष निक्सन यांनी लोकांना विनविले, की यंदा शोभेचे दिवे आवरा, घरातली ऊबही थोडी कमी ठेवा. राजधानीतल्या राष्ट्रीय वृक्षावरसुद्धा नेहमीच्या दीपमाळा चढल्या नाहीत.

तेल खरे जळे ते मोटारींत आणि घरे तापविण्यात; माळांची वीज ती किती! पण काटकसर दारात दिसावी लागते, हे राज्यकर्ते ओळखून असतात. पहिली कुऱ्हाड मुलांच्या हौसेवर पडावी, हे मात्र मला शिक्षकाला आजही खटकते. दोष असलाच तर त्या दिव्याचा. तारेचा बल्ब शंभरातली नव्वदाहून अधिक वीज नुसती उष्णतेत घालवी! निळ्या एलईडीचा शोध लागला, तेव्हा कमी विजेत पांढरा उजेड मिळू लागला. त्या शोधाला २०१४ चे नोबेल मिळाले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधल्या वृक्षावर तर २००७ सालीच एलईडी चढले होते. आमच्या गॅलरीतली माळही आता त्याच जातीची आहे. मुले ती उजाडेपर्यंत मालवू देत नाहीत, आणि मीही मीटरकडे पाहत नाही.