गुरूचे अर्धे पुस्तक

परवा वर्गात एका पोराने फळ्यावरची माझी चूक दाखवली आणि मी त्यालाच दटावून खाली बसवले. घरी आलो तो आयझॅक वॉल्टन आठवला.

या इंग्रज गृहस्थाने १६५३ साली ‘द कम्प्लीट अँगलर’ हे गळाच्या मासेमारीवरचे पुस्तक लिहिले. गळाला आमिष लावण्यात तो मुरलेला. पण ट्राउट मासा पाण्यावरच्या माश्या टिपतो. त्याला फसवायचे तर गळाच्या आकड्यावर पिसे, लोकर, रेशीम गुंडाळून खोटी माशी बांधायची आणि ती खऱ्यासारखी अलगद पाण्यावर उतरवायची. या विद्येत वॉल्टन कच्चा. पहिल्या आवृत्तीत त्याने ती टॉमस बार्करकडून उसनी घेतली आणि त्याचे नावही सांगितले.

१६७६ मध्ये पाचवी आवृत्ती निघाली, तेव्हा वॉल्टनने ऐंशी ओलांडली होती. माशीचा भाग त्याने लिहू दिला चार्ल्स कॉटनला, आपल्या मुलाच्या वयाच्या मित्राला! त्या भागात एक नवशिका वाटसरू येतो. त्याला कॉटनचा कोळी शिकवतो: दोर बारीक ठेव, पाण्यापासून लांब उभा राहा, महिना बदलला की माशी बदल.

डव्ह नदीकाठी कॉटनने १६७४ मध्ये बांधलेल्या छोट्या घराच्या दारावर दोघांची आद्याक्षरे एकमेकांत गुंफलेली आहेत. त्यांत गुरू कोण, शिष्य कोण?

वाचकहो, दिवाळीची सुटी संपली की त्या पोराला मी पुन्हा उभे करणार आहे. या खेपेस खडू त्याच्या हाती देऊन.