हुबळीची गाडी आणि गोव्याची तूट

परवा वास्कोहून हुबळीला गेलो. दूधसागर येताच डब्यातली सगळी मंडळी खिडकीकडे धावली. माझ्यासारख्या सरकारी कारकुनाला मात्र या रुळांचा हिशेब आठवला.

१८७८ साली पोर्तुगाल आणि ब्रिटन यांच्यात करार झाला. दोन्हीकडची जकात बहुतेक उठली, गोव्याच्या मिठावर इंग्रजांचा ताबा आला. बदल्यात आपल्या सरकारला दरसाल ४ लाख रुपये मिळायचे. मुरगावचं बंदर आणि रेल्वे याच करारातून आली. धारवाड-हुबळीकडचा कापूस या वाटेने विलायतेला जाईल, अशी आशा होती.

१८८८ त रूळ कॅसलरॉकला जोडले गेले, पण अपेक्षेइतका माल काही उतरला नाही. पोर्तुगीज सरकारने मात्र रेल्वे कंपनीला भांडवलावर व्याजाची हमी दिली होती, आणि कंपनी होती लंडनची! म्हणजे तिजोरीतून गेलेला पैसा मुलखाबाहेरही गेला. एकाच रकमेने दोन्ही तुटी वाढल्या.

१८९२ त करार संपला. ४ लाख बंद झाले, हमी राहिली. गोव्याची आयात निर्यातीपेक्षा जास्तच होती. ती खिंड लढवली मुंबईत राबणाऱ्या गोंयकारांच्या मनिऑर्डरींनी. पण मनिऑर्डर घरात येते, तिजोरीत नव्हे. तिजोरीसाठी उरतात कर आणि कर्ज.

म्हणून वाटतं, लहान मुलखाने हमी देऊन वाट बांधताना आधी विचारावं : या वाटेने माल कोणाचा येणार, आणि नाही आला तर व्याज कोण भरणार?