यंत्राला न ऐकू येणारी नहर

परवा आमच्या गल्लीत खणायच्या आधी एक पोरगा हातातलं यंत्र जमिनीलगत धरून फिरत होता. विजेच्या केबलवर आला की टूं टूं! केबलमधल्या प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र असतं, ते हे यंत्र पकडतं. मी विचारलं, "नहर सापडेल का रे यात?"

"धातू नाही तर आवाज नाही, काका."

बरोबरच आहे म्हणा. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली (तेच पुढे औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर) आणि डोंगराकडचं पाणी जमिनीखालून गावात आणलं, ती नहर-ए-अंबरी. दगड-चुन्याचं बांधकाम, पंप नाही, नुसता उतार! यंत्राने ऐकावं असं त्यात काहीच नाही. (पाणचक्कीची नहर वेगळी, नंतरची, अठराव्या शतकातली. लोक हटकून गल्लत करतात.)

मग ही शोधायची कशी? तर मार्गावर ठेवलेल्या मॅनहोलवरून. एकापासून दुसऱ्यापर्यंत नजरेने रेघ ओढायची. मधलं एखादं कुणी बुजवलं, त्यावर घर उठलं, की रेघ तिथेच तुटते. मग जेसीबी लागतो तेव्हाच कळतं...

पोराने रस्त्यावर रंगाच्या खुणा केल्या. सगळ्या केबलच्या.