पट्टी आणि केबल

बसगाडीतली 'बस' आणि विजेच्या पॅनेलमधल्या 'बसबार'मधली 'बस' एकच आहे, हे वर्गात सांगितलं की मुलांना मी थट्टा करतोय असं वाटतं. मूळ शब्द लॅटिन, 'ऑम्निबस', म्हणजे 'सर्वांसाठी'. 19व्या शतकात फ्रान्समध्ये, भाडं देईल त्या कुणालाही बसू देणाऱ्या घोडागाडीला हे नाव पडलं. पुढे लोकांनी ते तोडलं आणि नुसतं 'बस' उरलं. गंमत अशी की 'बस' हा त्या शब्दातला निव्वळ विभक्तीचा प्रत्यय आहे. 'सर्वां' गळून पडलं, 'साठी' तेवढं शिल्लक राहिलं. व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला असा ऐवज रोज मिळत नाही.

विजेच्या कामात बसबार म्हणजे तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची जाड पट्टी. वीज एका बाजूने तिच्यात येते आणि ज्याला हवी तो तिच्यावरून घेतो. आमच्या केमच्या शिवारात ती सगळ्यांनी पाहिलेली आहे, नाव माहीत नसेल एवढंच. डीपीची पेटी उघडली की आत फ्यूजच्या वर ज्या पट्ट्या दिसतात, त्याच त्या. मोटार सुरू होत नाही म्हणून रात्री बॅटरी घेऊन तिथे उभा राहिलेला शेतकरी बसबारच पाहत असतो.

आज मोठ्या इमारती बांधताना प्रश्न पडतो की वीज वरच्या मजल्यांवर केबलने न्यायची की अशा पट्टीने. हा प्रश्न नवा वाटतो, पण तो विजेइतकाच जुना आहे. 4 सप्टेंबर 1882 रोजी एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून वीज द्यायला सुरुवात केली, तेव्हा रस्त्याखाली आजच्यासारखी वळणारी केबल नव्हती. लोखंडी नळीत तांब्याचे दांडे, मध्ये डांबरासारखा लगदा, आणि सुमारे 20 फुटांचा एक तुकडा दुसऱ्याला पेटीत जोडत नेलेला. म्हणजे जमिनीत पुरलेला बसबारच. दर 20 फुटांवर सांधा, आणि पाणी शिरणार ते सांध्यातूनच. पुढे कागदाचं वेष्टण आणि वर शिशाचं कवच असलेली केबल आली. ती रिळावर गुंडाळून आणता येई, कोपऱ्यावर वळवता येई. पट्टी हरली ती इथे.

मुंबईत 1905 साली वीज आणि ट्राम कंपनी स्थापन झाली, 1907 मध्ये विजेची ट्राम धावली. हळूहळू घरांतही रबरी वेष्टणाच्या तारा लाकडी केसिंग-कॅपिंगमधून भिंतीवर चढल्या. पट्टी राहिली ती फक्त पॅनेलच्या पेटीत.

पण या गोष्टीचा खरा रस मला गिरण्यांमध्ये दिसतो. सोलापूरची जुनी गिरणी 1877 साली सुरू झाली ती वाफेवर. अशा गिरणीत एक अजस्र इंजिन असे आणि छताखालून लांबच लांब लोखंडी दांडा फिरत असे. त्या दांड्यावरून चामड्याचे पट्टे खाली प्रत्येक मागावर उतरलेले. पट्टा सरकवला की माग चालू, परत सरकवला की बंद. नवा माग आणला तर दांड्यावर एक चाक वाढवायचं. विचार करा, हा दांडा म्हणजे लोखंडाचा बसबारच होता, फक्त त्यातून वीज न वाहता गती वाहत होती. पिठाच्या गिरणीचा पट्टा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

1915 मध्ये खोपोलीच्या टाटांच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. आधी मोठी मोटार इंजिनाच्या जागी बसली आणि दांडा फिरतच राहिला. यंत्रागणिक स्वतंत्र मोटार आली तेव्हा कुठे दांडा निघाला. त्याच्या जागी प्रत्येक यंत्राकडे जाणाऱ्या तारांचं जाळं आलं. 1857 नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी ज्या मालेगाव-भिवंडीत यंत्रमाग उभे केले, तिथल्या शेडमध्ये जाऊन छताकडे पाहा. तारांवर कापसाची पिंजण बसलेली असते. एक ठिणगी पडली तर काय होईल हे विणकराला कुणी सांगावं लागत नाही.

1930च्या दशकात अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांना हेच तारांचं जंजाळ नकोसं झालं. यंत्रं सारखी हलवायची, आणि दर वेळी नव्याने तार ओढायची! म्हणून त्यांनी पत्र्याच्या पेटीत बंद केलेल्या पट्ट्या छताखालून नेल्या आणि ठरावीक अंतरावर वीज घ्यायची सोय ठेवली. जिथून गिरणीचा दांडा काढला होता, जवळपास तिथेच पट्टी येऊन बसली. पुढे इमारती उंच झाल्या तशी तीच पेटी उभी केली, प्रत्येक मजल्यावर एक टॅप-ऑफ बॉक्स. मुंबईतले वायरमन तिला 'रायझिंग मेन' म्हणतात.

यातलं चांगलं कोणतं? उत्तर इमारतीची उंची पाहून द्यावं लागतं. 40 मजली टॉवरमध्ये घरटी एक केबल खालून वर नेली तर शेकडो केबलींचा बिंडा होतो. वर जाईपर्यंत व्होल्टेज घसरतं, आणि त्या बिंड्यातलं पीव्हीसी पेटलं तर काळा, घशाला जाळणारा धूर जिन्यात भरतो. पट्टीत जळण्यासारखं फार कमी असतं आणि तिला जागाही कमी लागते. पण दोष तिच्यातही आहेत. केबल बिघडली तर एक घर अंधारात जातं, पट्टी बिघडली तर वरचे सगळे मजले. शिवाय एडिसनच्या नळीचं दुखणं तिला वारशात मिळालं आहे. माझा एक जुना विद्यार्थी इथल्या कुंकवाच्या कारखान्यांत वायरमनचं काम करतो. कुंकवाची पूड कुठल्याही फटीतून आत जाते, त्यामुळे बंद पेटीचं मोल त्याला चांगलं कळतं. तो म्हणाला, "सर, पट्टी कधी जळत नाही, जोड जळतो. बोल्ट ढिला राहिला की तिथेच गरम होणार." पुस्तकं चार पानांत जे सांगतात ते इतकंच आहे. म्हणून पट्टी बसवणाऱ्याने बोल्ट ठरलेल्या जोराने आवळले का, आणि दरवर्षी कुणी जोडांचं तापमान पाहतं का, हे विचारल्याशिवाय महागडी पट्टी घेण्यात अर्थ नाही.

हे सगळं वाचायची वेळ माझ्यावर आली ती मुंब्र्यात राहणाऱ्या मामेभावामुळे. सात मजले, 28 घरं. बांधली तेव्हा घरात दोन पंखे आणि एक फ्रिज, आता घरोघरी एसी आणि गीझर. वायरिंग बदलायचं ठरलं आणि ठेकेदाराने दोन अंदाजपत्रकं दिली, एक पट्टीचं, एक केबलचं. "भाईजान, तुम्ही शिकलेले, तुम्हीच सांगा," असा फोन आला. विजेचा अभ्यास आणि बी.एड. यांचा संबंध काय, हे भावाला कोण समजावणार!

तरी मी कागद मागवले, त्या वायरमनलाही दाखवले. आमचं दोघांचं मत केबलचं पडलं. पट्टी घेतली तर तळमजल्यावरचे मीटर मजल्यामजल्यावर हलवावे लागतात, आणि सात मजल्यांसाठी तो खर्च कशाला? योग्य जाडीच्या, आग न पसरवणाऱ्या केबल पुरे आहेत. मला खटकली ती वेगळीच गोष्ट. केबल ज्या उभ्या डक्टमधून जातात तो खालपासून वरपर्यंत मोकळा आहे, आणि त्यात कुणी जुन्या गाद्या, कुणी सायकल ठेवली आहे. मुंबईच्या आगींच्या बातम्यांत 'इलेक्ट्रिक डक्ट' हा शब्द वारंवार येतो तो उगीच नाही. मोकळा डक्ट म्हणजे धुराड्याची नळी. प्रत्येक मजल्यावर तो अग्निरोधक मसाल्याने बंद करावा, असं 2016च्या राष्ट्रीय इमारत संहितेतही आहे, मग आत पट्टी असो की केबल.

दोन्ही अंदाजपत्रकांत हे डक्ट बंद करण्याचं काम शेवटच्या ओळीत होतं, सगळ्यात कमी रकमेचं. खर्च कमी करायचा म्हणून सोसायटीच्या सभेने आधी तीच ओळ खोडली होती. मी ती लाल पेनाने पुन्हा लिहून कागद परत पाठवले आहेत. सभा पुढच्या रविवारी आहे.